पहाटेचा आकडा बघा

इंदूरला नव्याने आलेली पळणारी मंडळी पहिल्यांदा विचारतात, "इथे पळायला जागा कुठे?" जागा भरपूर आहेत, सांगतो, आणि ज्यांना मार्चमध्ये बर्फात स्कीइंगला जायचंय त्यांच्यासाठीही शेवटी थोडं सांगतो. पण आधी वेळेचं बोलू. मी २००६ साली पीथमपूरच्या नोकरीसाठी साताऱ्याहून इथे आलो. यवतेश्वरचा घाट पायाखालचा होता, त्यामुळे मालव्याच्या सपाटीला मी काही मोजतच नव्हतो. पहिल्याच मार्चमध्ये एका रविवारी सावकाश उठलो, चहा घेतला, साडेआठला खंडवा रोडला लागलो. जाताना मजेत गेलो. येताना उसाच्या गुऱ्हाळाच्या पायरीवर बसलो तो उठवेना. अंगाला घामाचा टिपूस नाही, आणि काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे. गुऱ्हाळवाल्याने न विचारता रसात लिंबू पिळून ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "भिया, ये टाइम है क्या दौड़ने का?"

पुण्याहून येणारे इथे हमखास फसतात. पुणं आणि इंदूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, दोन्हीकडे मार्चच्या दुपारी पारा ३४-३५ दाखवतो, म्हणून वाटतं की हवा ओळखीचीच आहे. पण इथे समुद्र फार लांब आहे. हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळायच्या आत वाळून जातो, आणि तहान लागते तोवर उशीर झालेला असतो. या कोरडेपणाची दुसरी बाजू मात्र झकास. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. 'शब-ए-मालवा', म्हणजे मालव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. ज्या दिवशी दुपारी ३४ होतं, त्याच दिवशी पहाटे १६ असू शकतं. पळायला तेवढी पहाटच आपली.

म्हणून मी मोबाइलवर दुपारचा आकडा बघतच नाही, रात्रीचं किमान तापमान बघतो. किमान १६ किंवा त्याखाली असेल तर आठपर्यंत बिनघोर पळा. २० च्या आसपास असेल तर सातच्या आत घरी. मेमध्ये ते २५ च्या पुढे जातं तेव्हा उजाडायच्या आधी निघायचं आणि अंतर निम्मं करायचं. हे आडाखे माझे स्वतःचे आहेत, पोळून घेतल्यावर बसवलेले. तुमच्या अंगाप्रमाणे एखादा अंश इकडे-तिकडे करा.

या किमान आकड्याचा खरा उपयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतो, आणि तो मला कुठल्या ॲपने शिकवला नाही. राजेंद्रनगरात आमच्या शेजारी एक काका होते. घराणं होळकरांच्या वेळेपासून इथलं. (अशा लोकांना 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारू नका. ते 'इंदूरचेच' म्हणतात आणि ते बरोबरही असतं. उपरे आपण.) फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी बूट बांधत होतो, तर काका ओट्यावरून म्हणाले, "काय हो, रात्री गोधडी फेकली ना अंगावरची? मग मावठा येऊन राहिला. आज लांब जाऊ नका." मावठा म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस. आभाळ निरभ्र दिसत होतं, मी हसून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गव्हाच्या शेतांत गारांचा सडा पडला.

काकांच्या गोधडीमागे साधं कारण आहे. हिवाळ्यात आणि वसंतात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात येतात. काश्मीर-हिमाचलात ते बर्फ टाकतात आणि त्यांचं शेपूट कधीकधी मालव्यापर्यंत पोचतं. येताना आधी वरचे ढग येतात. रात्री ढग असले की जमिनीची ऊब वर निसटत नाही आणि किमान तापमान एका रात्रीत तीन-चार अंशांनी चढतं. झंझावात पुढे सरकला की आभाळ धुतल्यासारखं होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि आकडा धाडकन खाली येतो. त्यामुळे किमान तापमान अचानक चढलं तर पुढचे दोन दिवस घराजवळच पळा, आणि ते पडलं की लांबचा पल्ला काढा. अशा धुतलेल्या सकाळी वर्षाकाठी मोजून आठ-दहा मिळतात. ऑफिसला उशीर झाला तरी त्या सोडू नका.

काकांचं न ऐकल्याचे आणखीही प्रसंग आहेत. त्यातला जानापावचा सांगतो. महूच्या पुढे हा डोंगर, उंची साडेआठशे मीटरच्या वर. चंबळ इथून उगम पावते, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक दर्शनाला येतात. चढ सुरेख आहे. मार्चच्या अखेरीस आम्ही दोघं दुपारी चारला चढायला लागलो, 'उन्हं कलल्यावर बरं' म्हणून. वर पोचतो तोच पश्चिमेकडून धुळीची भिंत आली आणि तिच्या पाठोपाठ हरभऱ्याएवढ्या गारा. तासाभरात सगळं शांत झालं, पण उतरून शेताच्या वाटेला लागलो तर काळ्या मातीने बूट धरले. ही माती ओली झाली की पावलागणिक थर चढत जातो. शंभर पावलांत एकेका पायाला किलोभर चिखल, आणि झटकला तरी पडत नाही. पळायचं सोडाच, आम्ही बूट हातात घेऊन अनवाणी डांबरी रस्त्यापर्यंत आलो. पाऊस झाल्यावर दोन दिवस कच्ची वाट नाही, हा नियम त्या दिवसापासून.

गारांपेक्षा विजेला भ्या. वीज पडून माणसं दगावण्यात मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकावर असतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्या, आसपास विजा पडत असतील तर ते कळवतं. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडेसुद्धा मोजून होत नसतील तर पळणं थांबवून पक्क्या इमारतीत किंवा गाडीत शिरा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

आता जागा. रोजच्यासाठी रेसिडेन्सी भागातले झाडांचे रस्ते, नेहरू स्टेडियम, पिपल्यापाला तलावाचं उद्यान. सुपर कॉरिडॉर रुंद आणि मोकळा आहे, पण सावली अजिबात नाही आणि एप्रिलपासून समोरून वारा असा येतो की ट्रेडमिलवर जागच्या जागी पळल्यासारखं वाटतं. बायपासला जाऊच नका, ट्रकवाल्यांना तुम्ही दिसत नाही. महूच्या छावणीतले जुने रस्ते माझे सर्वांत आवडते. एक सुख फक्त इथलंच: रस्ते रात्रीच झाडले जातात, पहाटे पायाखाली कचरा येत नाही. कुत्री मात्र आहेत. वेग कमी करून चालत पुढे जा, ती कंटाळतात. आणि रंगपंचमीच्या सकाळी राजवाड्याकडे पळायला जाऊ नका. आपल्याकडे तो दिवस आताशा नावालाच उरलाय, इथे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, सगळं शहर रस्त्यावर असतं आणि तोफांसारख्या यंत्रांतून रंग उडतो. त्या दिवशी पळायचंच असेल तर गेरमध्ये पळा.

रालामंडलचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथून बर्फाचा विषय सुरू होतो. होळकरांची जुनी शिकारगाह माथ्यावर असलेली ही टेकडी आता अभयारण्य आहे. लोक चढ काढतात आणि उतरताना गप्पा मारत येतात. ज्यांना मार्चमध्ये स्कीइंगला जायचंय त्यांनी उलटं करावं. चढ चालत जावा आणि उतार सावकाश, गुडघे वाकवून, छोट्या पावलांनी पळावा. पळणाऱ्यांचा दम चांगला असतो, पण स्कीवर सगळा भार मांड्यांच्या पुढच्या स्नायूंवर येतो, तोही वाकलेल्या अवस्थेत. माझ्याबरोबर आलेल्या, मॅरेथॉन पळणाऱ्या एका मित्राला पहिल्या संध्याकाळी हॉटेलचा जिना उतरवेना. दोन महिने आठवड्यातून एकदा रालामंडल केलं तर ही वेळ येत नाही.

आणि तिकडे काश्मिरात स्कीइंगला गेल्यावरही तोच पहाटेचा आकडा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. मार्चमध्ये तिथे आकाश मोकळं असेल तर रात्री सगळं गोठतं. सकाळी नऊपर्यंत उतार फरशीसारखा टणक, स्कीची धार लागत नाही, पडलं तर हाड शेकून निघतं. दहाच्या सुमारास ऊन लागून वरचा बोटभर थर सुटा होतो. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत मिळणाऱ्या खिचडीचा साबुदाणा कसा दाणा दाणा मोकळा असतो, तसा. हे दीड-दोन तास म्हणजे नवशिक्याची पर्वणी, वळणं आपोआप येतात. साडेबारा-एकनंतर त्याच साबुदाण्याची खीर होते. स्की रुततात, शरीर पुढे जातं, गुडघा मागे राहतो. मी पहिल्या वर्षी 'पैसे भरलेत, पुरता दिवस वसूल करू' म्हणून अडीचपर्यंत राहिलो आणि उरलेले तीन दिवस गुडघ्याला पट्टी बांधून खिडकीत बसलो.

रात्री ढग असतील तर बर्फ गोठतच नाही आणि सकाळीच खीर मिळते. म्हणून तिथेही झोपण्यापूर्वी किमान तापमान बघायचं. शून्याच्या बऱ्यापैकी खाली असेल तर न्याहारी निवांत करा, दहाला उतारावर. शून्याच्या आसपास असेल तर लवकर जाऊन लवकर परता. नवा बर्फ पडला किंवा दुपारचं ऊन तापलं की हिमस्खलनाचा धोका वाढतो. चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था त्याचे इशारे देते, ते वाचा आणि आखलेले उतार सोडून कुठेही जाऊ नका. गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) वरचा टप्पा अफरवट शिखराकडे ३,९०० मीटरच्या वर जातो, वारा सुटला की तो बंद ठेवतात. हुज्जत घालू नका.

तारखांचा फार भरवसा धरू नका. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नाही म्हणून मार्चवर गेल्या. सरकारी स्पर्धांची ही गत, तर आपलं काय! शिकायचंच असेल तर उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग असतात. तिथे उतार सौम्य आहेत. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद झाला, त्यामुळे वर रस्त्यानेच जायचं धरून चला.

कपड्यांबद्दल दोनच गोष्टी. सुती काही नको, भिजलं की वाळत नाही. पळतानाचा पॉलिस्टरचा टी-शर्ट आत, वर लोकरीचं काही, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. आणि स्कीच्या बुटात एकच पातळ लांब मोजा. दोन जाड मोजे घातले की रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. उन्हाचं मात्र मनावर घ्या. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा. मी लावलं नव्हतं आणि आल्यावर आठवड्यातच मेहुणीचं लग्न होतं. फोटोत माझं नाक सोललेल्या गाजरासारखं दिसतं, सासूबाई अजून अल्बम काढतात.

जायचं कसं? मालवा एक्स्प्रेस महूहून निघून इंदूरमार्गे थेट कटऱ्याला जाते, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. टनमर्गनंतरच्या चढावर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या बांधलेलीच गाडी घ्यावी लागते. परतीचं तिकीट काढताना मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. डोंगरात झंझावात आला तर तो दिवस लागतो. नाही लागला तर श्रीनगरला फिरा.

आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात लांब पळू नका. शून्याखालून आलेलं शरीर एप्रिलच्या इंदुरात एकदम उतरतं. तीन-चार दिवस साडेपाचला निघून सहाला परत यायचं, येताना पोहे-जलेबी.