वाफसा येईपर्यंतचे दोन दिवस: पावसाळ्यात घर, वावर आणि तालुका कसं जमवावं

पहाटे पाचला उठा आणि दिवसाचं तासातासाचं वेळापत्रक करा, असं सांगणाऱ्याला जुलैत एकदा आमच्या काळ्या मातीत उभं करावं. विदर्भातल्या खेड्यात बाई पाचला उठलेलीच असते. झड कधी लागेल, लाइन कधी जाईल, तलाठी कधी भेटेल, हे मात्र तिच्या हातात नसतं. म्हणून कामं घड्याळावर वाटू नका, वावराच्या हालतीवर वाटा.

आधी ज्या तारखा हलत नाहीत त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका: बचत गटाची बैठक, आठवडी बाजार, लेकरांची फी, बँक बंद असणारा दुसरा आणि चौथा शनिवार.

मग एक पिशवी कायम भरलेली ठेवा. आधार, पासबुक, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), फोटो, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर 15 रुपयांत निघतो, त्यासाठी एसटीचं भाडं घालू नका.

आता खरं अवघड काम. कागदावर तीन रकाने पाडा: झड (न थांबणारा पाऊस), चिखल, आणि वाफसा, म्हणजे माती कामापुरती सुकते ती हालत. झडीचा रकाना कोणालाही भरता येतो. गोधडीला टाके, डाळी-तांदूळ निवडणं, पाहुण्यांना फोन, बचत गटाचा हिशोब. वाफशाचाही सोपा: डवरणी (पिकाच्या ओळींतून डवरा, म्हणजे कोळपं, फिरवणं), निंदण, खत. फसगत होते मधल्या रकान्यात. पाऊस उघडतो, ऊन पडतं आणि सगळं घर विळे-डवरे घेऊन धुऱ्यावर जाऊन उभं राहतं. माती पायाला किलो-किलो चिकटते, डवरा चालत नाही, दुपारी सगळे परत. दिवस गेला आणि तालुक्याचं कामही राहिलं. भारी जमिनीत मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस, कधी तीन, असेच असतात, आणि पावसाळ्यात तुमच्या हक्काचा वेळ तेवढाच. मलाही हे अंगवळणी पडायला बरेच पावसाळे लागले, कारण ऊन दिसलं की घरात बसणं आळस वाटतं. शेजारीण विचारणारच, “पाऊस उघडला न् तू तालुक्याले चाल्ली काहून?” विचारू द्या.

वाफसा अंदाजाने ठरवू नका. चार बोटं खालची माती मुठीत दाबा आणि गोळ्यावर अंगठा टेकवा. अंगठा रुतला, माती बोटांना चिकटली, तर पिशवी उचला आणि एसटी धरा. गोळा भुरभुरून फुटला, तर तालुका विसरा, मग बँकेत कितीही महत्त्वाचं काम असो. वाफशाच्या दिवशी बँकेच्या रांगेत उभं राहिलात तर निंदण आठ दिवस मागे पडतं, आणि तोवर तण कपाशीच्या गुडघ्याला लागतं.

चिखलाच्या रकान्यात काय घालायचं? बँक, कृषी केंद्र, दवाखाना, सासूबाईंच्या गोळ्या, चक्की, शाळेतल्या सरांची भेट. पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी 31 जुलै असते, तिची वाट पाहू नका, पहिल्याच चिखलात अर्ज भरा, कारण शेवटच्या दोन दिवसांत सेतू केंद्रावर सर्व्हर बसलेलाच असतो. खरिपाची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, साधारण ऑगस्टात सुरू होते. तिला वावरात जाऊनच फोटो काढावा लागतो, पण डवरा लागत नाही, म्हणून तीही चिखलातच उरकते. फोन चार्ज करून न्या. एका चकरीत तीनपेक्षा जास्त कामं मात्र धरू नका. चौथं होत नाही, आणि परतीची गाडी चुकते ती वेगळीच.

निंदायच्या बाया आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.

फवारणीच्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरायचं नाही. वारा नसताना सकाळी फवारा, मास्क आणि हातमोजे घाला, ऊन चढायच्या आत पंप खाली ठेवा, साबणाने आंघोळ करा, आणि मगच जेवायला बसा. “जाता जाता दोन पंप मारून घेऊ” म्हणणाऱ्या घरधन्याला तिथंच थांबवा.

घरातल्या माणसांना कागद दाखवून ठेवा, नाहीतर सगळं तुमच्याच डोक्यात राहतं आणि “माझा डबा कुठाय” ही हाक वावरापर्यंत येते. पोरगा दहावीत असेल तर बाटल्या भरणं आणि ढोरांचं पाणी त्याच्याकडे.

कापूस फुटायला लागला की हे तीन रकाने बंद करा. वेचणीत सगळं वेचणाऱ्यांची टोळी कधी मिळते यावर ठरतं, त्याचा कागद वेगळा.