आतड्याचं ऑपरेशन झालंय? मग भाकरी-शेंगाचटणी जरा लांब ठेवा

आमच्या अण्णांच्या मोठ्या आतड्याचा एक तुकडा काढला, आता बरे आहेत, पण ते सहा आठवडे घरात रोज एकच प्रश्न, आज यांना द्यायचं काय? सोलापूरचं घर म्हणजे दोन वेळा ज्वारीची भाकरी, वर शेंगाची चटणी, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण डबा घेऊनच येणार. म्हणून म्हटलं लिहूनच काढू, कुणाच्या तरी कामाला येईल. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा, कारण कुठलं आतडं किती कापलंय त्यावर बरंच असतं.

हॉस्पिटलात "गॅस पास झाला का" हे दिवसातून दहादा विचारतात, लाजायचं नाही, खरं सांगायचं. आतड्याला हात लागला की ते काही काळ हलायचंच थांबतं, लहान आतडं साधारण एका दिवसात चालू होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. पूर्वी वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब देत नसत, आता बरेच सर्जन दुसऱ्या दिवशीच घोट घोट पाणी चालू करतात, त्यामुळे शेजारच्या बेडवाल्याला चहा मिळाला आणि आपल्याला नाही म्हणून सिस्टरशी भांडू नका. त्यापेक्षा पेशंटला धरून कॉरिडॉरमध्ये चालवा, लवकर उठून चालणाऱ्याची गाडी लवकर रुळावर येते. खोकला आला की पोटावर उशी घट्ट दाबून खोकायचं, आमच्याकडे सोलापुरी चादरीची घडी करून तेच काम केलं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस भाताची पेज, मुगाच्या डाळीचं कढण, मग गुरगुट्या भात आणि पातळ वरण, मऊ इडली, रव्याचा उपमा (मिरची-मोहरी जरा हात आखडून), साल काढलेला दुधी किंवा दोडका मऊ शिजवून, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं. एका वेळी अर्धी वाटी, पण दिवसातून पाच-सहा वेळा. आणि चावा! अण्णांना सवय ताट समोर आलं की पाच मिनिटांत उठायची, आई समोर बसून घास मोजायची, चिडायचे लई, पण उपयोग झाला.

आता भाकरीचं. ज्वारी वाईट नाही हो, पण तिच्यातला कोंडा-चोथा आतड्याच्या ताज्या जोडाला (तुकडा काढून दोन टोकं जोडलेली जागा) नको असतो, सूज असते तिथे, वाट अरुंद असते. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे चोथा कमी. शेंगदाणे, सुकं खोबरं, हुरडा, मक्याचं कणीस, मेथी-शेपू, पेरू, बिया-सालीसकट टोमॅटो, आणि आपलं डाळिंब, हे सगळं बाजूला. आमच्या आत्या तिसऱ्याच दिवशी चटणीची बरणी घेऊन हजर, "एवढीशी खाल्ली तर काय होतंय की ओ", त्यांचं मन मोडायचं नव्हतं म्हणून बरणी घेतली आणि आम्हीच संपवली. तुम्हीही तेच करा, वाद घालत बसू नका.

जखम भरायला लागतं प्रोटीन, आणि नेमकं तेच आपण बंद करतो. "भाताने पू होतो", "आंबट नको", "अंडं उष्ण पडतं" असं ऐकत बसलात तर पेशंट फक्त चहा-बिस्किटावर राहतो आणि वाळत जातो. भाताने पू होत नाही, जखमेत जंतू गेले की पू होतो. किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम, आणि एका अंड्यात असतं सहाच, तेव्हा हिशोब करा. अंडी, मुगाचं वरण, दही, पनीर, चिकन-मासे खात असतील तर मऊ शिजवून बिनतिखट. दुधाने काहींचं पोट बिघडतं, तसं झालं तर दही-ताक बघा. किडनीचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवा, नाहीतर जखम चिघळते. आणि तंबाखू, मावा, बिडी बंद म्हणजे बंद, निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात आणि जोडाला रक्तच कमी मिळतं. अण्णा उशीखाली पुडी लपवायचे, ती मी दोनदा काढली.

पोटावर पिशवी लावून दिली असेल (आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि संडास त्या पिशवीत जमा होतो), त्यातही लहान आतड्याची, तर सोलापूरच्या उन्हात फार जपा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो, घामातून जातंय आणि पिशवीतूनही पाणी-मीठ जातंय. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, उलट पिशवी जास्त भरते, ओआरएस लागतं, मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं करायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेलं असतं, तेव्हा उकळूनच. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा आणि माप लिहून ठेवा, सगळं बसल्यावर दिवसाला अर्धा ते एक लिटर ठीक, दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी झाली, चक्कर आली तर लगेच फोन. पातळ होत असेल तर केळं, भात, बटाटा, साबुदाणा यांनी जरा घट्ट होतं. शेंगदाणा, खोबरं, मका तिथे अडकून बसतात, त्यामुळे या पेशंटला नियम जास्त कडक.

वजन उचलणं सहा आठवडे नाही, भरलेली कळशी तर नाहीच, हर्निया होतो.

ताप १०० च्या वर, पोट फुगून टणक, उलट्या, गॅस आणि संडास दोन्ही बंद, छातीत धडधड, जखमेतून पू किंवा घाण वास, एका पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता रिक्षा करून जा. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत आतला जोड सुटायची भीती असते. ओवा-हिंग देऊन बघू, एनिमा देऊन बघू, असले प्रयोग घरी अजिबात नाहीत, जुलाबाची किंवा बद्धकोष्ठाची गोळीसुद्धा विचारूनच.

सहा आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाले तेव्हा आईने चतकोर भाकरी, कडक नाही, ताजी मऊ, दुधात कुस्करून दिली. दोन दिवस काही त्रास नाही बघून मग अर्धी. नवीन पदार्थ एका वेळी एकच आणायचा, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळतं. शेंगाची चटणी आणखी महिन्याभराने आली, चमच्याच्या टोकावर, बारीक कुटून दह्यात कालवून, आणि अण्णांनी ती घेताना आईकडे असं बघितलं की जणू तिनेच इतके दिवस लपवून ठेवली होती.