क्लिनिकल रिसर्च शिकायचंय? आधी प्रश्न आणा, कोर्सचं मग बघू

दरवर्षी ॲडमिशनच्या सुमारास कुणी ना कुणी माझ्या टेबलासमोर येऊन विचारतं, "मॅडम, क्लिनिकल रिसर्चचा चांगला कोर्स कुठला?" त्यात एमडी करणारे रेसिडेंट असतात, आयसीयूतल्या सिस्टर असतात, फिजिओ असतात, बीएएमएस होऊन आरएमओ म्हणून रात्रपाळ्या काढलेले वैद्यही असतात. माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: "उत्तर कशाचं हवंय तुम्हाला?" बहुतेकांची गाडी तिथंच अडते.

मी फार्माकॉलॉजीची. पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात शिकवते आणि माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या तिथल्या एथिक्स कमिटीची सदस्य-सचिव आहे. लोकांचे प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचे लेखी आराखडे, वाचायचे, खुणा करायच्या आणि परत पाठवायचे, हा माझा नेहमीचा उद्योग. त्यामुळे पुढचे सल्ले थोडे खडूस वाटले तर चालवून घ्या.

प्रश्न वॉर्डातच असतो

गूगलवर 'थिसिस टॉपिक्स' शोधू नका. त्यापेक्षा आठवडाभर खिशात छोटी वही ठेवा आणि राउंडला "हे असं का करतो आपण?" असं मनात आलं की लगेच लिहा. आठवड्याच्या शेवटी त्यातली निम्मी उत्तरं पुस्तकात सापडतील. पाव उत्तरं पबमेड या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत मिळतील. उरलेल्यांपैकी ज्याचं उत्तर कळल्यावर तुमच्या वॉर्डात उद्या काहीतरी बदलेल, तो प्रश्न धरा.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. आपल्याकडे बारीक अंगाच्या, तरुण माणसांना मधुमेह का होतो, हा कुठल्याही ओपीडीत पडणारा प्रश्न. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं तो धरून १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. वजनानं लहान, पण त्या मानानं चरबी जास्त, अशी बाळं त्यातून समोर आली. पुढं त्या मुलांचा पाठपुरावा करताना आईतल्या बी-१२ च्या कमतरतेकडे लक्ष गेलं आणि त्यातून तरुण मुलामुलींना बी-१२ देऊन बघण्याची ट्रायल उभी राहिली. एका प्रश्नावर माणसाची अख्खी कारकीर्द निघते ती अशी. तुम्हाला एवढं लांब जायचं नसेल, पण प्रश्नाची जात ओळखून ठेवा.

ट्रान्सलेशनलचा पल्ला

'ट्रान्सलेशनल', म्हणजे प्रयोगशाळेतला शोध रुग्णापर्यंत नेणारं संशोधन, हा शब्द हल्ली प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. त्यात नेमकं काय येतं, ते रोटाव्हॅक लशीच्या प्रवासात बघा. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बाळांमध्ये जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला, ११६-ई. संसर्ग होऊनही ती बाळं आजारी पडली नव्हती. पुढं प्रयोगशाळा आल्या, कंपनी आली, छोट्या ट्रायल्स झाल्या. तिसऱ्या टप्प्याची ट्रायल दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर झाली. पुण्याचं केंद्र म्हणजे केईएमच्या संशोधन केंद्राचं वढू. हो, संभाजी महाराजांच्या समाधीचं तेच वढू. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि २०१६ पासून लस सरकारी लसीकरणात आली. सुमारे ३० वर्षं झाली यात. या साखळीत विषाणूतज्ज्ञ लागले, बालरोगतज्ज्ञ लागले, आकडेतज्ज्ञ लागले आणि घरोघर फिरून जुलाबाची नोंद घेणारे फील्ड वर्करही लागले. तुम्ही या साखळीत कुठली कडी व्हायचं बघताय, त्यावर तुमचं शिक्षण ठरतं. पेशी आणि रेणूंकडे ओढा असेल तर पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एनसीएल आणि विज्ञान संस्था आयसर आहेत, विषाणूंसाठी राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही. रुग्णांवरच्या ट्रायल्स शिकायच्या तर ससूनच्या आवारात बी. जे. मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्स मिळून एचआयव्ही-क्षयाचं काम वर्षानुवर्षं करताहेत. भोसरीला नारी ही एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचं अधिकृत नाव आता बदललंय, पण रिक्षावाल्याला नारीच सांगा.

शिकायचं कुठल्या क्रमानं

सुरुवात फुकटातून करा. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या सरकारी साथरोग संस्थेचा 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च' स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना तो सक्तीचाच झालाय, म्हणून लोक तो नाक मुरडत करतात. तसं करू नका, कोर्स खरंच चांगला आहे. व्याख्यानं मोफत आहेत, फी फक्त परीक्षेची. नर्सिंग किंवा फिजिओथेरपीवाल्यांना कुणी सक्ती केली नसली तरी त्यांनीही करावा.

मग जीसीपी. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे ट्रायल चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं, प्रमाणपत्र नसेल तर ट्रायलच्या टीममध्ये कुणी उभं करत नाही. या नियमावलीची नवी आवृत्ती, ई-६ (आर-३), जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाली. तेव्हा जुनं प्रमाणपत्र फाइलला लावून निश्चिंत राहू नका.

तिसरी पायरी सगळे गाळतात: दुसऱ्याच्या अभ्यासात हमाली. सहा महिने तरी चालू असलेल्या एखाद्या स्टडीत रुग्णांची छाननी करा, संमती घेताना शेजारी बसा, केस पेपरवरून फॉर्म भरा, नोंदी तपासणारा मॉनिटर आला की त्याचे प्रश्न झेला. चुकीची नोंद एका रेघेनं खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर नोंद, सही आणि तारीख. व्हाइटनर कपाटातसुद्धा ठेवायचा नाही. या सवयी व्याख्यानातून अंगात भिनत नाहीत.

डिग्री यानंतर. पुणे विद्यापीठाच्या स्कूल ऑफ हेल्थ सायन्सेसमध्ये एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, आहे; साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राचा पाया तिथं होतो. शिकवण्याच्या लाइनीत राहायचं असेल तर पीएचडी. पूर्ण वेळ संशोधक डॉक्टर व्हायचं असेल तर इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या क्लिनिकल फेलोशिप बघा. त्या अवघड आहेत, पण पैसा आणि वेळ दोन्ही देतात. आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाले डिप्लोमे? माझ्या एका विद्यार्थिनीनं अशा एका ठिकाणी घसघशीत फी भरली. कोर्स संपेपर्यंत तिला एकही खरा प्रोटोकॉल हातात मिळाला नाही, सगळं स्लाइडवर. प्रवेश घेण्याआधी एकच विचारा: "कोर्समध्ये मी कुठल्या चालू अभ्यासावर काम करणार?" उत्तर गुळमुळीत आलं की चहा संपवा आणि निघा.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं २००६ पासून सीटीएसए नावाची योजना आणली. तिच्या आधारानं तिथली विद्यापीठं डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना क्लिनिकल संशोधनातली मास्टर्स देतात: थोडे वर्ग आणि गाइडच्या हाताखाली एक खरा प्रकल्प. मला त्यांचं अप्रूप वाटतं ते अभ्यासक्रमाचं नाही, कारण तो आता घरबसल्या मिळतो. अप्रूप आहे राखून ठेवलेल्या वेळेचं. त्यांच्या के-२३ सारख्या अनुदानात माणसाचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी बाजूला काढावाच लागतो. आपल्याकडे एचओडी म्हणतात, "करा की, पण ओपीडी सांभाळून." म्हणून तोंडी बोलू नका. आठवड्यातली एक दुपार, वार घालून, कोण बदली बघणार त्याचं नाव घालून अर्ज द्या आणि सही घ्या. सहीचा कागद असला की गुरुवारी दुपारी तुम्हाला कुणी कॅज्युअल्टीत ढकलत नाही. निदान ढकलताना लाजतं.

गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजत बसू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना फोन करा आणि विचारा, ड्राफ्ट किती दिवसांनी परत यायचा आणि पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं. सगळं कळतं.

आकडा आधी काढा

आता जरा बारकाईनं. समजा, सर्जरी वॉर्डातल्या एका सिस्टरला प्रश्न पडलाय: सलाइनची सुई साध्या चिकटपट्टीऐवजी पारदर्शक ड्रेसिंगनं बसवली तर शीर सुजण्याचं प्रमाण कमी होतं का? छान प्रश्न आहे. 'शीर सुजली' कधी म्हणायचं, हे पहिल्यांदा ठरवायचं. त्यासाठी ० ते ५ ची व्हीआयपी स्केल आहे. २ किंवा वर गेलं की फ्लेबायटिस. मग जुन्या नोंदी काढून सध्याचं प्रमाण बघायचं. धरा ३० टक्के निघालं.

पारदर्शक ड्रेसिंगनं ते १५ वर येईल अशी अपेक्षा धरली, तर नेहमीच्या ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवरला (असलेला फरक सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे १२० रुग्ण लागतात. पण अपेक्षा थोडी खाली आणली, ३० चं २० होईल एवढीच धरली, तर तोच आकडा प्रत्येक गटात जवळपास २९० होतो. वॉर्डात महिन्याला ४० योग्य रुग्ण येत असतील तर पहिला अभ्यास सहा महिन्यांत उरकतो आणि दुसऱ्याला जवळपास सव्वा वर्ष लागतं. मध्येच डिस्चार्ज होणारे धरून आणखी १० टक्के वाढवा. हे गणित ओपनएपी या वेबसाइटवर फुकट होतं. तरीही 'सॅम्पल साइज : ६०, सोयीनुसार' असं लिहिलेले सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचे आराखडे, माझ्याकडे येतच असतात, आणि आले तसेच परत जातात.

याच अभ्यासातली दुसरी मेख: सूज कोण बघणार? ड्रेसिंग लावणाऱ्या सिस्टरनंच बघितलं तर तिचं मन नव्या ड्रेसिंगकडे झुकणारच. आणि दुसरी कुणी बघायला आली तरी हातावरची पट्टी तिला दिसतेच. उपाय सोपा आहे. सुई काढायच्या वेळी पहिल्या सिस्टरनं पट्टी काढून जागा पुसून घ्यायची, मग दुसरीनं येऊन स्केल लावायची. असल्या दोन ओळी प्रोटोकॉलमध्ये दिसल्या की मला कळतं, लिहिणारीनं वॉर्डात उभं राहून विचार केलाय.

कमिटी आणि नोंदणी

एथिक्स कमिटीला घाबरण्यासारखं काही नाही. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे किमान सात जण असतात, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. एक सामान्य नागरिक असतो. आमच्याकडे सगळ्यात टोकदार प्रश्न त्याचेच असतात: "रुग्णाला जायला-यायला भाडं कोण देणार?" संमतीपत्र घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा, जिथं ते अडखळतील तिथं वाक्य मोडा.

दोन गोष्टींत मात्र माफी नाही. कमिटीचं पत्र हातात पडण्याआधी एकही रुग्ण घ्यायचा नाही. आणि ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या ट्रायल्सच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद झालेली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून तिथं मागाहून नोंदणी होत नाही. पैसे लागत नाहीत, पण शंका विचारून फॉर्म परत येतो, त्यामुळे काही आठवडे हाताशी ठेवा. नोंदणी नसलेली ट्रायल चांगली जर्नल्स छापत नाहीत, आणि मग आठ दिवसांत छापून देणाऱ्यांचे ईमेल गोड वाटायला लागतात.

डेटा

एक्सेलमध्ये एका रुग्णाला एकच ओळ. सेल मर्ज करायचे नाहीत. पिवळा रंग म्हणजे मधुमेही असले संकेत ठेवायचे नाहीत, मधुमेहासाठी वेगळा कॉलम करा. तारीख सगळीकडे एकाच पद्धतीनं. रिकामी चौकट ठेवू नका. तपासणी झालीच नाही, की झाली पण रिपोर्ट सापडत नाही, याला वेगवेगळे कोड द्या. रुग्णाचं नाव या शीटमध्ये नको, नाव आणि नंबर जोडणारी यादी वेगळी आणि कुलपात. संस्थेत रेडकॅप हे डेटा नोंदवायचं सॉफ्टवेअर असेल तर तेच वापरा. संख्याशास्त्रज्ञाकडे प्रोटोकॉल लिहिताना जा. डेटा गोळा करून झाल्यावर गेलात तर ते चहा पाजतील, दुसरं काही त्यांच्या हातात नसतं.

निकाल लागल्यावर

थिसिस बांधून झाला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय कपाटात जातो. सिस्टरच्या त्या अभ्यासात ड्रेसिंगचा फायदा खरंच दिसला, तर एका पानाची टिपण बनवा: किती जणांची सूज टळली, एका ड्रेसिंगला किती जास्त खर्च, सुई परत टोचण्याचा किती खर्च वाचला. ते पान आधी मेट्रनना दाखवा, मग इन्फेक्शन कंट्रोल कमिटीला आणि शेवटी खरेदी समितीला. क्रम उलटा केलात तर मेट्रन दुखावतात. खरेदी समितीची बैठक कधी असते ते अभ्यास संपायच्या आधीच विचारून ठेवा. आमच्याकडे ती महिन्यातून एकदाच होते आणि विषयपत्रिका आठवडाभर आधी बंद होते.