नेट बंद, पण कंपनीच्या लेखी तक्रार ‘सोडवलेली’: अशा वेळी काय करायचं

बडोद्यात संक्रांतीला पतंगांचं उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण उरकलं की आमच्या दांडिया बाजारात सगळे एकमेकांना एकच विचारतात: तुमचं नेट चालतंय का? खांबावरून घरात येणाऱ्या वायरीत मांजा अडकतो, पतंग काढायला कोणीतरी काठीने ओढतं आणि आतली फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची बारीक तार, तुटते. वरचं काळं आवरण मात्र शाबूत दिसतं. वायर तुटली याचा मला राग नाही. राग येतो तो त्यानंतर ग्राहकाला जे झुलवत ठेवतात त्याचा. मी घरून ऑनलाइन गाणं शिकवते, रात्री परदेशातल्या मुलांचे तास असतात. त्यामुळे हे भांडण मला टाळता येत नाही, आणि आजूबाजूच्या वयस्कर मंडळींच्या तक्रारीही बऱ्याचदा मीच करते.

फोन उचलायच्या आधी राउटरपाशी जा. त्यावर पॉन आणि एलओएस असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर लाइन घरापर्यंत येतेय. एलओएस लाल लुकलुकत असेल तर वायरीतून प्रकाशच येत नाही, मग राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. हे माहीत असलं की समोरच्याने ‘राउटर रीस्टार्ट करा’ म्हटल्यावर ठाम सांगता येतं: ‘रीस्टार्ट केलाय, एलओएस लाल आहे, लाइनमन पाठवा.’ दिव्यांचा फोटो काढून ठेवा. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, पुढे ती कामाला येते.

नेट चालतंय पण रखडतंय, अशी तक्रार असेल तर वायफायवरचा स्पीड कंपनी मोजतच नाही. लॅपटॉपला लॅनची वायर लावून स्पीड टेस्ट करा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बऱ्याच राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये बहुधा 192.168.1.1) ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे वायरीतून येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे 20च्या आसपास असेल तर लाइन ठीक आहे, उणे 27च्या पलीकडे (उणे 28, उणे 30 असा) गेला तर कुठेतरी जोड खराब आहे किंवा वायर मुडपली आहे. हा आकडा सांगितलात की लाइनमनही तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे फसवणाऱ्यांचे नंबर पेरलेले असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच नंबर घ्या. कोणी स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

आता मुख्य गोष्ट. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आणि तो क्रमांक दुरुस्ती होण्याआधी बंद होऊ द्यायचा नाही. सगळी मेख इथे आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजींना फोन आला, ‘बा, ओटीपी आपो ने, पछी माणस आवशे’ (आजी, ओटीपी द्या ना, मग माणूस येईल). त्यांनी विश्वासाने ओटीपी दिला. तो तक्रार बंद करण्याचा ओटीपी होता. माणूस आला नाही आणि ॲपमध्ये ‘तक्रार सोडवली’ असं आलं. पुन्हा फोन केल्यावर नवा क्रमांक मिळाला, म्हणजे आधी घालवलेले सगळे दिवस कंपनीच्या हिशेबातून पुसले गेले. आजोबांच्या औषधांची ऑर्डर, मुलाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या नेटवर. त्यांच्याशी असं वागणं मला अजिबात सहन होत नाही.

म्हणून ओटीपी फक्त लाइनमन घरात असताना, नेट सुरू होऊन एखादा व्हिडिओ नीट चालल्यावरच द्यायचा. तरीही परस्पर बंद केलीच तर त्याच दिवशी मेल करा: ‘तक्रार क्रमांक अमुक दुरुस्ती न करता बंद केली आहे. दोष तोच आहे, पहिल्या तारखेपासूनच धरावा.’ जुना-नवा दोन्ही क्रमांक लिहा, फोटो जोडा. साधी हिंदी किंवा इंग्रजी पुरते. फोनवर कितीही कडाडून बोललात तरी तुमच्या हातात त्याचा कागद राहत नाही, मेलचा राहतो.

आणि लाइनमनवर ओरडू नका. तो बहुतेकदा कंत्राटावरचा मुलगा असतो, दिवसभर खांब-गच्च्या करत फिरतो. खरी बातमी त्याच्याकडूनच कळते: जोड कुठे गेलाय, बॉक्समध्ये पाणी शिरलंय का, आख्ख्या गल्लीचं बंद आहे का. गल्लीचं बंद असेल तर शेजाऱ्यांनाही आपापली तक्रार नोंदवायला सांगा.

1 ऑक्टोबर 2024पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम लागू आहेत. लाइनचा दोष तीन दिवसांनंतरही दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. कंपनी ती बहुधा आपणहून देत नाही, मेलमध्ये मागा. क्रमांक जपायचा तो यासाठीच.

दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर तळाशी असतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे लिहिण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, किंवा दूरसंचार विभागासाठी केंद्राचं तक्रारींचं पीजी पोर्टल. माझ्या अनुभवात पोर्टलवर तक्रार गेली की कंपनीतून वरच्या माणसाचा फोन येतो, आणि तो नीट ऐकून घेतो.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपन्यांविरुद्धही तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये स्पष्ट केलंय. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही बडोद्यातच दावा करू शकता. सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

कंटाळून कनेक्शन सोडणार असाल तर नुसतं रिचार्ज थांबवू नका. बंद करण्याची विनंती लेखी द्या आणि राउटर परत देताना त्याच्या मागचा सिरियल नंबर लिहिलेली, तारखेसह सही असलेली पावती घ्या. पावती देत नसेल तर राउटर घरीच ठेवा आणि ‘पावतीसह न्यायला माणूस पाठवा’ अशी मेल टाका. डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत ती पावती सांभाळा.