नळदुर्गच्या पुलापासून पोखरणपर्यंत: सामरिक अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातल्या घराघरांत ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द आजही बोलला जातो. पण १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, तेव्हा तिथे पोलीस नव्हते. रणगाडे आणि पायदळ होतं. तरीही दिल्लीने ‘युद्ध’ म्हटलं नाही. हैदराबादने २१ ऑगस्टलाच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. युद्ध म्हटलं असतं, तर हा दोन देशांमधला झगडा आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. पोलीस कारवाई म्हणजे घरातला मामला.

प्रादेशिक सुरक्षा आणि अण्वस्त्र धोरण शिकू पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. १८ मे १९७४ च्या पोखरणच्या चाचणीला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटलं गेलं. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्याबद्दल परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी ‘बिगर-लष्करी, प्रतिबंधात्मक कारवाई’ असे शब्द वापरले. ७ मे २०२५ च्या, ऑपरेशन सिंदूरच्या निवेदनात ‘मोजूनमापून केलेली’ आणि ‘संघर्ष न वाढवणारी’ हे शब्द होते. या विषयात निवेदनातला शब्द ही स्वतःच एक कृती असते. समोरच्याला माघारीची वाट ठेवायची की नाही, हे त्या शब्दावर ठरतं. म्हणून टीव्हीवरची चर्चा ऐकण्याआधी मूळ कागद वाचायची सवय लावून घ्या. बहुतेक नवे विद्यार्थी उलट करतात. आधी मत तयार होतं, मग त्याला साजेसा कागद शोधला जातो.

पहिला कागद म्हणजे ४ जानेवारी २००३ चं सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचं प्रसिद्धीपत्रक. भारताचं अधिकृत अण्वस्त्र धोरण म्हणून सार्वजनिक असलेला मजकूर तेवढाच, दोन पानांच्या आतला. तो वाचताना शेजारी १७ ऑगस्ट १९९९ चा मसुदा ठेवा. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाने तो तयार केला होता. दोन्हींत ‘प्रथम वापर नाही’ आहे, ‘किमान विश्वासार्ह धाक’ आहे. पण मसुद्यात उत्तर ‘दंडात्मक’ होतं, २००३ मध्ये ते ‘प्रचंड’ झालं. जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्रांचा पर्याय राखून ठेवणारं कलमही २००३ चंच. म्हणजे ‘प्रथम वापर नाही’ हे वचन बिनशर्त नाही, आणि हे परीक्षेच्या उत्तरातही सुटतं.

सगळ्यात नीट वाचायचे शब्द वेगळेच आहेत: भारतीय भूमीवर ‘किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर’ अण्वस्त्र हल्ला झाला तर. हे ‘कुठेही’ कशासाठी? समजा भारतीय तुकड्या सीमा ओलांडून गेल्या आणि पाकिस्तानने आपल्याच जमिनीवर त्यांच्याविरुद्ध छोटं अण्वस्त्र वापरलं, तर ‘आम्ही तुमच्या भूमीवर टाकलंच नाही’ ही पळवाट त्या एका शब्दाने बंद होते. पुढे एप्रिल २०११ मध्ये पाकिस्तानने नस्र या क्षेपणास्त्राची चाचणी केली. पल्ला ६० किलोमीटर, म्हणजे साधारण छत्रपती संभाजीनगर ते जालना. इतक्या कमी पल्ल्याचं अस्त्र शहरांसाठी नसतं, चालून येणाऱ्या सैन्यासाठी असतं. आता खरा प्रश्न असा की युद्धभूमीवरच्या एका छोट्या अस्त्राला भारत खरंच ‘प्रचंड’ उत्तर देईल, यावर समोरचा विश्वास ठेवील का? भारतातले अभ्यासक या मुद्द्यावर दोन तट करून आहेत. तुम्ही कोणत्या तटात आहात हे पहिल्या वर्षात ठरवू नका. दोन्ही बाजूंचा सर्वात मजबूत युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत पानभर लिहून ठेवा.

पाकिस्तानने असा एकसंध कागद प्रसिद्ध केलेला नाही आणि ‘प्रथम वापर नाही’ हे तत्त्वही मानलेलं नाही. त्यामुळे तिथलं धोरण तुकडे जोडून समजून घ्यावं लागतं. अण्वस्त्रांचा कारभार पाहणाऱ्या त्यांच्या स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजनचे तेव्हाचे प्रमुख खालिद किडवाई यांनी इटालियन भौतिकशास्त्रज्ञांना अण्वस्त्र वापरण्याचे चार उंबरठे सांगितले होते, ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले: मोठा भूभाग गमावणं, सैन्याचा मोठा भाग नष्ट होणं, आर्थिक गळचेपी आणि अंतर्गत अस्थैर्य. या यादीतला तिसरा उंबरठा मराठवाड्याच्या वाचकाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, कारण तो पाण्याशी जोडला गेला आहे.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला भारताने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवला. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानच्या राष्ट्रीय सुरक्षा समितीने सांगितलं की पाणी अडवणं किंवा वळवणं ही युद्धाची कृती मानली जाईल आणि राष्ट्रीय शक्तीच्या ‘संपूर्ण पट्ट्यातून’ उत्तर दिलं जाईल. ही शब्दरचना त्यांच्या ‘फुल स्पेक्ट्रम’ धाकनीतीची, म्हणजे लहान-मोठ्या प्रत्येक पातळीवर अण्वस्त्राचा धाक ठेवण्याच्या धोरणाची, आठवण करून देते. योगायोग म्हणून सोडून देऊ नका.

पण धमकी वाचून थांबू नका, हिशेब करा. करारानुसार पश्चिमेकडच्या तीन नद्यांवर, म्हणजे सिंधू, झेलम आणि चिनाबवर, भारताला साठवणुकीची परवानगी ३.६ दशलक्ष एकर-फूट आहे. एक दशलक्ष एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी. म्हणजे सुमारे १५७ टीएमसी. जायकवाडी काठोकाठ भरली की साधारण १०२ टीएमसी. म्हणजे करारात परवानगी असलेला सगळा साठा जमेस धरला तरी दीड जायकवाडी. आणि त्या तीन नद्यांचा वर्षाचा प्रवाह साधारण १३५ दशलक्ष एकर-फूट धरला जातो, म्हणजे सत्तावन-अठ्ठावन जायकवाड्या. वरच्या धरणांनी पाणी अडवलं की पैठणला काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. पण अडवायला आधी धरणं लागतात आणि ती बांधायला वर्षं लागतात. ‘करार स्थगित’ आणि ‘पाणी बंद’ यांच्यात एवढं अंतर आहे. कोणताही दावा असा आपल्या मापात आणून बघितला की त्याचं खरं वजन कळतं.

करारांचं वाचन हा कंटाळवाणा भाग समजला जातो. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारा भाग हाच. तीन करार मुळातून वाचा. ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत झालेला, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार. २१ फेब्रुवारी १९९९ चा लाहोरचा सामंजस्य करार. आणि ३ ऑक्टोबर २००५ चा क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार. या तिसऱ्यात आकडे अगदी नेमके आहेत: किमान तीन दिवस आधी सूचना, प्रक्षेपणाची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची जागा ७५ किलोमीटरच्या आत नको. पण हा करार फक्त बॅलिस्टिक, म्हणजे उंच कमानीत जाऊन खाली पडणाऱ्या क्षेपणास्त्रांचा आहे. विमानासारखी उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. ९ मार्च २०२२ ला देखभालीदरम्यान भारताचं एक क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं, ते याच मोकळ्या जागेतून. अशा अपघाताच्या वेळी कुणी कुणाला किती मिनिटांत फोन करायचा, हा प्रश्न दोन्ही देशांच्या दृष्टीने जिवाचा आहे, कारण शेजाऱ्यांमध्ये क्षेपणास्त्राला लागणारा वेळ मोजक्या मिनिटांचा असतो. अमेरिका आणि सोव्हिएत संघाला निदान अर्धा तास मिळत होता. शीतयुद्धाची पुस्तकं जशीच्या तशी दक्षिण आशियाला लावली की चुकतं, ते मुख्यतः इथे.

वाचनाबरोबर एक संकट-वही ठेवा. साधी दोनशे पानी वही चालते. चार रकाने आखा: तारीख आणि वेळ, काय घडलं, कुणी सांगितलं, समोरच्याने काय म्हटलं. कारगिल, २००१-०२ ची सैन्यजमवाजमव, २६/११, उरी, बालाकोट आणि मे २०२५ एवढी सहा संकटं भरली की नमुना दिसू लागतो. तिसरा रकाना कधीच रिकामा सोडू नका. १० मे २०२५ चं उदाहरण घ्या. त्या दिवशी पाकिस्तानच्या नॅशनल कमांड ऑथॉरिटीची, म्हणजे अण्वस्त्रांबाबत निर्णय घेणाऱ्या मंडळाची, बैठक बोलावल्याची बातमी आली, मग संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी अशी बैठक नसल्याचं सांगितलं. बैठक झाली की नाही याइतकंच महत्त्वाचं हे की बातमी बाहेर का आली आणि नाकारली का गेली. त्याच दिवशी दुपारी ३.३५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओंनी (लष्करी कारवाई महासंचालकांनी) भारतीय डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं, असं परराष्ट्र सचिवांनी जाहीर केलं. अशा नोंदी मिनिटासकट असाव्यात. पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांवर, जिथे अण्वस्त्रांशी संबंधित ठिकाण असल्याचं म्हटलं जातं, भारताने हल्ला केल्याच्या अफवा त्याच आठवड्यातल्या. १२ मे ला एअर मार्शल ए. के. भारती यांनी त्या नाकारल्या. वहीत ‘अफवा’, ‘नकार’ आणि नकार देणाऱ्याचं पद, तिन्ही लिहा.

शब्दांची एक अडचण खास मराठीत वाचणाऱ्यांची आहे. सेफ्टी, सिक्युरिटी आणि सेफगार्ड्स या तिन्हींना आपल्याकडे सर्रास ‘सुरक्षा’ छापलं जातं. पहिलं म्हणजे अपघात होऊ नये म्हणून घेतलेली काळजी. दुसरं म्हणजे चोरी आणि घातपातापासून राखण. तिसरं म्हणजे अणुइंधन शस्त्रांकडे वळत नाही ना, याची व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडून होणारी तपासणी. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या या तिसऱ्या व्यवस्थेखाली आहेत. ‘तारापूरची सुरक्षा’ असं मोघम लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तसंच डेटरन्सचं. ‘प्रतिरोध’ म्हटलं की अडवणं वाटतं. ‘धाक’ हा जुना शब्द जास्त जवळचा, कारण धाक समोरच्याच्या मनात असतो, आपल्या कोठारात नाही.

अण्वस्त्रांच्या संख्येबद्दल थोडक्यात. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा जानेवारी २०२५ चा अंदाज भारत १८०, पाकिस्तान १७०, चीन किमान ६०० असा आहे. हे अंदाज आहेत, सरकारांनी जाहीर केलेले आकडे नव्हेत. उत्तरात संस्थेचं नाव आणि महिना लिहिल्याशिवाय आकडा देऊ नका. आणि चीनचा आकडा गाळून फक्त भारत-पाकिस्तानची तुलना करू नका. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ ला लोप नूरमध्ये चाचणी केली. मे १९९८ च्या चाचण्यांनंतर वाजपेयींनी क्लिंटन यांना लिहिलेल्या पत्रातही सीमेला लागून असलेल्या अण्वस्त्रधारी देशाचा उल्लेख होता. पाकिस्तान भारताकडे बघून मोजतो, भारत चीनकडे, चीन अमेरिकेकडे. मधली एक कडी सोडली की पुढचं गणित बसत नाही.

मराठवाड्याच्या मुलामुलींकडे एक मोठी जमेची बाजू आहे आणि तिचा उपयोग फार थोडे करतात: उर्दू. नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगर इथे ती कानावर रोज पडते. अर्थ निम्मा आधीच कळतो, उरते ती लिपी. रोज तास दिला तर तीन-चार महिन्यांत बातमीचा मथळा आणि पहिला परिच्छेद वाचता येतो. पाकिस्तानातली इंग्रजी वर्तमानपत्रं सगळे वाचतात. तिथल्या उर्दू दैनिकांत तीच बातमी कोणत्या शब्दांत आली, हे सांगू शकणारा उमेदवार मुलाखतीत वेगळा उठून दिसतो. शेजारी किंवा मैत्रिणीच्या घरी कुणी शिकवणारं असेल तर क्लासची गरजही नाही.

शिक्षणाच्या वाटा. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा विभाग आहे. जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागात निःशस्त्रीकरणाचा अभ्यास होतो, प्रवेश सीयूईटी-पीजीमधून. संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए. करूनही या विषयात येता येतं, फक्त प्रबंधाचा विषय सुरुवातीपासून नेमका हवा. ‘भारत-पाक संबंध’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. ‘२००५ च्या पूर्वसूचना करारातून क्रूझ क्षेपणास्त्रं का वगळली गेली’ हा होऊ शकतो. नेट परीक्षेत संरक्षण आणि सामरिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे मराठीत शिकलेल्यांनी संज्ञांची दुभाषी यादी पहिल्या महिन्यापासून करावी. यूपीएससीची मुख्य परीक्षा मात्र मराठीत देता येते, आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या ऐच्छिक विषयात अणुप्रश्नावर स्वतंत्र घटक आहे. भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी झालेल्यांनी ही वाट परकी समजू नये. प्लुटोनियम कुठून येतं हे ज्याला कळतं आणि करारही वाचता येतो, अशी माणसं फार कमी आहेत.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. संशोधन संस्था मोजक्या आहेत, बहुतेक दिल्लीत. मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्था त्यातली जुनी, १९६५ ची. सुरुवातीच्या जागा कराराच्या असतात, पगार दिल्लीच्या घरभाड्याच्या मानाने बेताचा आणि लिखाण इंग्रजीत. घरची जबाबदारी असेल तर सेट-नेट करून प्राध्यापकी किंवा स्पर्धा परीक्षा हा आधार ठेवूनच या वाटेला लागा. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात आणि निवड मुख्यतः त्यावरच होते. नमुना १,२०० ते १,५०० शब्दांचा असावा, त्यात एकच प्रश्न असावा, आणि ‘चिंताजनक’, ‘गंभीर’ असली विशेषणं काढून टाकल्यावरही तो उभा राहायला हवा.

पहिल्या नमुन्यासाठी विषय शोधत असाल तर १ जानेवारीची वाट बघा. १९८८ च्या करारानुसार त्या दिवशी दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, १९९२ पासून दरवर्षी. १ जानेवारी २००२ ला दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी होती, तेव्हाही दिल्या गेल्या. याद्या प्रसिद्ध होत नाहीत, पण देवाणघेवाण झाल्याचं पत्रक परराष्ट्र मंत्रालय त्याच दिवशी काढतं, चार-पाच ओळींचं. तो मजकूर मागच्या पाच वर्षांच्या पत्रकांशेजारी ठेवा आणि कोणता शब्द बदलला ते शोधा.