घरून काम करताय? मग या चुका तेवढ्या टाळा

२०२० च्या लॉकडाऊनमधे पुण्याहून परभणीला आलो ते इथंच राहिलो. तेव्हापासून गावाकडच्या कुणालाही घरून काम मिळालं की मला फोन येतो, "दादा, खुर्ची कोणती घेऊ?" अरे बाबा, खुर्चीचं बघू नंतर, आधी लाईटचं बघ.

इन्व्हर्टर घेतला म्हणजे झालं, ही एक नंबरची चूक. मी पण केली. मे महिना, बाहेर ४३ डिग्री, क्लायंटला डेमो द्यायचा होता, घरात १५० एएचची नवीकोरी बॅटरी, मी एकदम निवांत. लाईट गेली, पंखा चालू, लॅपटॉप चालू आन् राऊटर मात्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू! नंतर कळलं की इन्व्हर्टरला नॉर्मल आणि यूपीएस असं बटण असतंय, ते नॉर्मलवर होतं, त्यात बॅटरीवर यायला जरा जास्त वेळ लागतो, पंख्याला कळत पण नाही पण राऊटर मान टाकतो. बरं दोन-तीन मिनिटांनी राऊटर आला तर नेटच नाही. केबलवाल्याला फोन केला तर म्हणतो, "सर, चौकातल्या नेटच्या डब्यातून तुमची केबल येते, त्या डब्याची पण लाईट गेली ना." घ्या! शेवटी जिन्यात बसून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डेमो दिला, घामानं शर्ट पिळायला आला होता.

म्हणून कनेक्शन घेतानाच विचारा, फायबर थेट घरात येतोय का डब्यातून केबल ओढणार. डबा असेल तर त्याला बॅकअप आहे का ते विचारा, आणि तोंडी "हो हो" वर विश्वास ठेवू नका, लाईट गेल्यावर स्वतः बघा. राऊटरला मी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, आपल्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघूनच घ्या. दुसऱ्या कंपनीचं सिम पण ठेवा. आणि कूलर इन्व्हर्टरवर लावू नका, बॅटरी बघता बघता झोपते.

जुन्या माळवदाच्या घरात राहत असाल तर त्या दोन-दोन फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जात नसतंय. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर टाका, ते भिंतीतून जरा बरं जातं, नाहीतर राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल ओढा. लोक हे सोडून महागडा प्लॅन घेतात, शॉर्टकट पाहिजे ना सगळ्यांना.

पलंगावर लोळून काम करू नका. पाठ जाते.

आता घरचे. "घरीच हाय ना" म्हणून दळण, सिलेंडर, पाहुण्याला स्टँडवरून आणणं, सगळं आपल्याच डोक्यावर. रागावून काही होत नाही, मी करून बघितलंय. मीटिंग असली की दाराच्या कडीला लाल टॉवेल अडकवायचा, असं आमच्याकडं ठरलंय आणि महिनाभरात सगळ्यांना सवय झाली. परवा मात्र मावशी आली, तिनं टॉवेल काढून गच्चीवर वाळत टाकला आणि आत येऊन विचारते, "लेकरा, सकाळपासून कुणाशी भांडायलास रे?" माईक चालू होता.