दारातलं झाड धोक्याचं आहे का, आणि माणूस कधी बोलवायचा

मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येतं, धूळ उठते आणि वळवाच्या एका सपाट्यात आपल्या सोलापुरात कुठंतरी झाड आडवं होतं, विजापूर रोडला असो, होटगी रोडला असो नाहीतर रेल्वे लाईन्सला. दुसऱ्या दिवशी आख्ख्या कॉलनीत एकच विषय, आपल्या दारातलं पण पाडून टाकायचं का. तर मंडळी थांबा जरा. भीतीपोटी चांगली झाडं तोडली जातात आणि जे खरंच पडायला आलेलं असतं ते हिरवंगार दिसतं म्हणून त्याच्याकडं कोण बघत पण नाही. 43-44 डिग्रीच्या उन्हात दारातला कडुनिंब म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको, म्हणून आधी नीट बघायला शिकू.

सगळ्यात पहिलं, वर बघू नका, खाली बघा. बुंधा जमिनीत शिरतो तिथं उकिडवं बसून पालापाचोळा आणि वरची माती हातानं बाजूला करा. आपल्याकडं बऱ्याच भागात काळी माती, उन्हाळ्यात तिला सगळीकडंच भेगा पडतात, त्या बघून घाबरायचं कारण नाही, त्या अंगणभर वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात. धोक्याची भेग वेगळी असते. झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, बुंध्यापासून थोड्या अंतरावर, अर्धगोल पडते आणि तिथली माती जराशी उचलल्यासारखी, फुगल्यासारखी दिसते. म्हणजे मुळं सुटायला लागलीत. वारा असताना लांब उभं राहून बघितलं तर कधी कधी ती माती वरखाली हलताना पण दिसते. असं दिसलं की मग विचार करत बसायचं नाही, त्याच दिवशी फोन.

कललेलं झाड म्हणजे धोक्याचंच असं पण नाही हं. लहानपणापासून तिरकं वाढलेलं आणि वर जाऊन परत सरळ झालेलं झाड वर्षानुवर्षं तसंच उभं राहतं, कारण त्यानं त्या हिशोबानं मुळं धरलेली असतात. काल सरळ होतं आणि आज कललंय, हे धोक्याचं. शंका असेल तर दर महिन्याला एकाच जागेवरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मागं विजेचा खांब किंवा भिंत येऊ द्या म्हणजे फरक लगेच कळतो.

मुळं तुटणं हे शहरातलं सगळ्यात मोठं कारण असं माझं ठाम मत आहे. ड्रेनेज, पाण्याची पाईप, केबल, रस्ता रुंद करणं, प्रत्येक वेळी जेसीबी बुंध्याला खेटून चर मारतो आणि एका बाजूची सगळी मुळं उडवतो. झाड लगेच पडत नाही, पान पण वाळत नाही, पण एक-दोन पावसाळ्यांनी माती भिजून मऊ झाली की त्याच बाजूची पकड कमी पडते. अंदाज असा धरा की बुंध्याच्या जाडीच्या दर इंचाला एक फूट, म्हणजे फूटभर जाड बुंध्याच्या चारी बाजूला बारा फुटांपर्यंतची मुळं महत्त्वाची. त्याच्या आत कुणी खोदलं असेल तर तारीख लिहून ठेवा आणि पुढची काही वर्षं त्या झाडावर लक्ष ठेवा. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घातले असतील तर निदान दोन-तीन फूट माती उघडी करा.

आता बुंधा. बुडाशी ताटलीएवढी कडक बुरशी आलीय का बघा, वरून तपकिरी, खालून पांढरट. ती उपटून टाकली म्हणजे काम झालं असं नसतं, आत लाकूड सडत असतं म्हणून ती बाहेर दिसते. मग हातोडीनं बुंध्यावर सगळीकडं हलकं ठोकत फिरा, ठणठणीत आवाज आणि पोकळ ढबढब आवाज यातला फरक कुणालाही कळतो. ढोली असेल तर बारीक सळई घालून किती आत जाते बघा. ठोकताळा असा आहे की बुंध्याच्या त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी चांगलं लाकूड सगळीकडून पाहिजे, म्हणजे 60 सेंटिमीटर जाड बुंधा असेल तर चहूबाजूनी 10 सेंटिमीटर. जुन्या चिंचा आतून पोकळ असून पण उभ्या असतात ते याच्यामुळं, नुसती ढोली बघून तोडायला निघू नका. आणि कृपा करून ढोलीत सिमेंट भरू नका, ओल आत अडकते आणि आतलं लाकूड अजून सडतं.

वर बेचकी बघा. दोन जाड फांद्या एकाच जागेतून निघून एकमेकीला चिकटून वर गेल्या असतील आणि मधे साल आत दबलेली असेल तर तो जोड कच्चा, वाऱ्यात तिथूनच उभी चीर जाते. गुलमोहर, पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर), रेन ट्री यांच्या लांब आडव्या फांद्या अशाच मोडतात. गुलमोहराचं लाकूड तर ठिसूळच, त्याच्याखाली गाडी लावू नका.

वाळलेली फांदी ओळखायची सोपी वेळ म्हणजे पाडवा. गुढीपाडव्याच्या आसपास कडुनिंबाला कोवळी पालवी आलेली असते, त्यात एखादी जाड फांदी तशीच कोरडी असेल तर ती बहुतेक मेलीय, खात्रीला नखानं साल खरवडा, खाली हिरवं असेल तर जिवंत. गुलमोहराला हा नियम लावू नका, तो एप्रिलमध्ये बोडकाच असतो. आणि पावसाळ्यानंतर कडुनिंबाचे शेंडे करपल्यासारखे तांबडे पडतात, तेलंगणा कर्नाटकात तर हे फार झालंय, तो फांद्यांच्या टोकांचा बुरशीचा रोग आहे. बरीच झाडं पुढच्या हंगामात परत फुटतात. एवढ्यासाठी कडुनिंब तोडू नका.

एवढं बघून झालं की मग विचारा, पडलं तर कशावर पडेल? शेताच्या बांधावरचं पोकळ झाड वटवाघळांना, पोपटांना राहू द्या, खाली कोण नाही. तेच झाड चहाच्या टपरीवर किंवा पोरं स्कूलबसची वाट बघतात तिथं असेल तर हिशोब बदलतो.

स्वतः किती करायचं? जमिनीवर उभं राहून हाताला येणारी, अंगठ्याएवढी फांदी कापा, बास. शिडी, कोयता आणि खाली दोरी धरलेला भाऊ, हा प्रकार नको. दोरीनं ओढलेली फांदी कुठं येईल ते धरणाऱ्याला पण माहीत नसतं. वादळात पडलेलं झाड तर अजून वाईट, दबलेली फांदी कापली की सुटून तोंडावर येते. आणि तार अडकली असेल तर लांब, निदान तीस फूट, ओल्या जमिनीतून पण करंट पसरतो. पाय उचलून ढांगा टाकू नका, दोन्ही पाय जवळ ठेवून घासत मागं या, आणि महावितरणला 1912 वर फोन करा. झाड अचानक कललंय किंवा घरावर पडलंय तर अग्निशमन 101.

बाकी वेळेला माणूस बघून बोलवा. वखारवाला म्हणतो, मालक, झाड फुकट तोडून देतो, लाकूड आमचं. त्याला लाकूड पाहिजे, त्यामुळं त्याचं मत झाडाबद्दल धरू नका. त्याच्याऐवजी आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला दाखवा किंवा कृषी विज्ञान केंद्रात फोटो घेऊन जा. काम करणाऱ्याला विचारा की कमरेला दोरी, डोक्याला हेल्मेट आहे का, फांदी आधी खालून थोडी कापणार का, म्हणजे साल फाटत नाही. आणि शेंडा उडवून झाड बोडकं करतो म्हणाला तर नको म्हणा, त्या जागी जे फुटवे येतात ते कच्चे असतात, काही वर्षांनी तेच मोडतात.

झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागतेच, ते तुमच्या प्लॉटमधलं असलं तरी. 1975 चा शहरी भागातला झाडांचा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं हेरिटेज, म्हणजे जपायचा वारसा, धरतात. गावाकडं शेतातल्या झाडांना वेगळा कायदा, तिथं वन विभागाला विचारा. अर्जात झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, काय दिसलं आणि खाली काय आहे हे लिहा, बुडाचा, भेगेचा आणि लांबून पूर्ण झाडाचा असे फोटो जोडा, तोडायचं का नुसती एक फांदी काढायची ते स्पष्ट लिहा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. हे सगळं मार्च-एप्रिलमध्येच उरकलेलं बरं, वादळ झाल्यावर सगळं शहर एकदम फोन करतं.